दाजींची पाणबुडी आणि एक आधण गूळ

कडेगाव,
संक्रांतीनंतरचा सोमवार, शाळा सुटल्यावर

तीर्थरूप दाजी यांच्या दोन्ही पायांवर (उजव्या गुडघ्याला जरा हलकेच) धाकट्या मेव्हण्याचं, म्हणजे वीरधवलचं, डोकं टेकून दंडवत.

आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्याला ताईनं एरंडाची पानं बांधायला सुरुवात केली असं कळलं. उतार पडला असेल तर पानांमुळे पडला असं ताईला सांगा आणि पडला नसेल तरी तेच सांगा. तिची साखर किती आली तेही तुम्हीच कळवा, तिला विचारलं की ती मागच्या वर्षीचा आकडा सांगते. चि. पूजाला अनेक आशीर्वाद. लग्न ठरल्यापासून ती मामाशी फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाही, हे वयाला धरूनच आहे, मी मनावर घेतलेलं नाही. म्हैस व्यायली का? रेडी झाली असेल तर आई म्हणते, नाव तिला विचारल्याशिवाय ठेवू नका.

आता तुम्ही म्हणाल, हातात एवढा मोठा मोबाइल असताना या गड्यानं सातारला पत्र का घातलं. त्याचं कारण असं, की फोनवर तुम्ही माझ्या पहिल्या वाक्याला 'हं' म्हणता, दुसऱ्याला 'मुद्द्याचं बोल' म्हणता आणि तिसरं ऐकायच्या आत फोन ताईकडे जातो. पत्राचं तसं नाही. फौजेत चोवीस वर्षं काढलेला माणूस आलेलं पत्र शेवटपर्यंत वाचतो हे मला ठाऊक आहे. आणि मला जे सांगायचं आहे ते शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सांगून होणारं नाही. माझ्या हातून तुमच्या बाबतीत एक गोष्ट घडली आहे (खरं म्हणजे दोन, पण दुसरीचं नंतर), आणि ती निस्तरायला तुमच्यावाचून दुसरा माणूस नाही.

तर यंदा माझ्याकडे आठवीचा भूगोल आहे. त्यात सागरतळरचना नावाचा धडा येतो. समुद्राच्या पाण्याखाली जमीन सपाट नसते, तिथंही डोंगर, पठारं, मैदानं आणि अकरा अकरा किलोमीटर खोल गर्ता असतात, आणि हे सगळं पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं अजूनही घडतंय, असा त्याचा आशय. हा धडा शिकवणारा मी, ज्यानं आजवर समुद्र पाहिलेला नाही. (लग्नानंतर गणपतीपुळ्याला निघालो होतो, पण घाटात हिला उलट्या सुरू झाल्या आणि आम्ही कोयनेचं धरण बघून परत आलो. पाणी भरपूर होतं.) शाळेत स्मार्ट बोर्ड आहे, पण वीज असते तेव्हा तो निळा दिसतो आणि नसते तेव्हा काळा, यापलीकडे त्याची प्रगती नाही. तेव्हा मी खडूनं तळ काढला, उतार काढला, गर्ता काढली. गर्ता फळ्यात मावेना म्हणून खालच्या भिंतीवर नेली. वर्गाला गर्ता आवडली. मग अपेक्षा नावाची एक मुलगी आहे, पहिल्या बाकावर बसते, बुद्धीनं तल्लख आणि त्यामुळे शिक्षकांना जड, ती उभी राहिली. म्हणाली, "सर, आमची हीर साठ फूट हाय, तरी तिचा तळ दिसत न्हाई. मग आकरा किलोमीटरचा तळ कुणी बगितला? का पुस्तकात हाय म्हणून खरं?"

दाजी, या प्रश्नाला सरळ उत्तर आहे आणि ते मला येतही होतं. पण बेचाळीस पोरं एकदम तोंडाकडे बघायला लागली की आलेलं उत्तर कुठं जातं ते तुम्हाला कळायचं नाही, तुम्ही फक्त शत्रूकडे पाहिलंय. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांनी मी ऐकलं, "माझ्या दाजींनी बघितलाय. ते पाणबुडीत होते."

ही ती पहिली गोष्ट. तुमची सगळी नोकरी जैसलमेरच्या वाळूत झाली, कृष्णेला गेलं तरी तुम्ही नाक धरून एकच बुडी मारता, हे सगळं मला ठाऊक असूनही मी बोललो. मला वाटलं, पोरं विसरतील. पण दर शनिवारी प्रश्न येऊ लागले. दाजी खाली काय जेवत होते, तिथं अंधार असतो तर घड्याळात किती वाजले ते कसं कळायचं, दिवा लावून फिरणारा मासा त्यांना दिसला का. मी थोडं थोडं सांगत गेलो. गेल्या तीन महिन्यांत तुम्हाला दोन बढत्या मिळाल्या आहेत, तुम्ही एकदा बंद पडलेलं इंजिन हातानं चालू केलं आहे आणि एक ऑक्टोपस तुम्हाला ओळखतो. एवढं खोटं मी माझ्या स्वतःच्या लग्नाच्या बोलणीतही बोललो नव्हतो.

मध्यंतरी आम्हा भूगोलवाल्यांचं सांगलीला प्रशिक्षण झालं, विश्रामबागेत. दोन दिवस चहा चांगला होता. तिथल्या बाईंनी सांगितलं की मुलांना परिसरातून शिकवा, मुलाला जे रोज दिसतं त्यातून न दिसणारं दाखवा. हे माझ्या डोक्यात असं बसलं की परत येताना ताईनं सांगितलेली खरेदी (तिचं नंतर) करून बसमध्ये बसलो, तर कडेगाव येईपर्यंत मला खिडकीतून सगळीकडे भूगोलच दिसत होता. आणि तासगावच्या पुढं एका गुऱ्हाळाचा धूर दिसला तेव्हा मला अख्खा महासागर सुचला. काहील, रस आटवायची ती भली मोठी कढई. खाली जाळ, वर उकळता रस. पृथ्वीचं पोट याहून वेगळं काय असतं? मी मुख्याध्यापकांना सांगितलं, त्यांनी उत्साहात विस्तार अधिकाऱ्यांना सांगितलं, आणि विस्तार अधिकाऱ्यांनी 'आदर्श पाठ बघायला येतो' म्हणून तारीख दिली. माझा बेत नुसता पोरांना रस पाजून आणायचा होता, त्याची तपासणी झाली.

आपल्या मळ्याशेजारच्या गुऱ्हाळावर वजीरचाचा गुळव्या आहेत हे तुम्ही जाणताच. चाळीस वर्षांत त्यांचं एक आधण (म्हणजे एक काहीलभर गूळ) फसलेलं नाही. नुसत्या बुडबुड्याच्या आकारावरून पाक कुठवर आला ते सांगतात. त्यांचे नियमही तुम्हाला माहीत आहेत. काहिलीजवळ चप्पल नाही, पाक यायच्या वेळी 'झालं का' असं विचारायचं नाही, आणि गुऱ्हाळावर आलेला माणूस तोंड गोड केल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही. मी त्यांना म्हणालो, चाचा, तुमच्या काहिलीत मला समुद्राचा तळ शिकवायचाय. ते म्हणाले, "शिकवा की सर. रस न्हाई सांडला म्हंजे झालं." त्या दिवशी एक आधण लागायचंच होतं (कुणाच्या उसाचं, ते पुढे येईल).

गुरुवारी सकाळी बेचाळीस पोरं, मुख्याध्यापक, विस्तार अधिकारी आणि त्यांचा मोबाइल असे सगळे काहिलीभोवती अनवाणी उभे राहिलो. रस तापला. चाचांनी रस निवळायला भेंडीचं पाणी टाकलं, मळीचे, म्हणजे रसातल्या घाणीचे, गोळे वर आले, आणि मधोमध उकळी फुटली. दाजी, मी वीस वेळा गुऱ्हाळावर गेलो असेन, पण त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तापलेला रस मधून वर येतो, वर आला की कडेला पसरतो, कडेला गेला की जरा निवतो, जड होतो आणि परत खाली जातो. मी म्हणालो, बाळांनो, पृथ्वीच्या पोटात हेच चाललंय, फक्त तिथली एक उकळी पुरी व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात. आणि या वर तरंगणाऱ्या मळीच्या गोळ्यांना आपण जमीन समजू. हा मोठा, हा आफ्रिका. तो पलीकडचा, तो दक्षिण अमेरिका. पूर्वी दोघे चिकटून होते. बघा आता मधून उकळी आली की कसे लांब जातात. आणि ते खरंच लांब गेले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अधिकाऱ्यांनी मोबाइल वर धरला. तेवढ्यात चाचांनी, ज्यांचं चाळीस वर्षांचं काम मळी काढण्याचं आहे, झारा घातला आणि आफ्रिका उचलून बादलीत टाकली.

पोरांनी एवढा आरडाओरडा केला की जाळ घालणारा गडी चुलवाणाच्या, म्हणजे भट्टीच्या, तोंडापासून उठून बघायला आला. चाचा बिचारे झारा धरून उभे. "मळी काढू नको तर काय करू सर? गूळ काळा पडंल." मी म्हणालो, काढा, पण भारत राहू द्या. तर भारत त्यांनी त्याआधीच काढला होता.

पुढचं मात्र इतकं सुरेख झालं की मला अजून विश्वास बसत नाही. पाक आला (कुणी विचारलं नाही), काहील ओढली आणि सगळा पाक वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या पसरट हौदात, ओतला. वर पातळ साय धरली, मग जरा घट्ट झाली, आणि आतल्या उष्णतेनं मधोमध तडकली. त्या भेगेतून खालचा ताजा पाक वर आला, दोन्ही बाजूंना सांडला आणि तिथंच थिजून त्याचा उंच वरंबा झाला. मी काही बोलायच्या आत अपेक्षा म्हणाली, "सर, ह्यो समुद्रातला डोंगर." आणि एका कडेला एक साय दुसरीच्या खाली घुसत होती, तिथं घळ पडली होती. "आन ही गर्ता," ती म्हणाली. दाजी, अकरा वर्षांच्या नोकरीत माझा एखादा धडा कुणाला इतका डोळ्यांनी दिसला नव्हता. मला इतका आनंद झाला की माझा तोल गेला. पायाचा नव्हे, बुद्धीचा. धड्यात शेवटचा मुद्दा निक्षेपांचा होता. नद्यांनी आणलेला गाळ, मेलेल्या जिवांचे सांगाडे, ज्वालामुखीची राख, हे सगळं हळूहळू तळावर बसतं आणि त्याचे थर होतात. ते दाखवायला मी पिशवीत हळद नेली होती. ताटलीत काकवी घेऊन तिच्यावर चिमटीनं भुरभुरावी, एवढाच बेत होता. पण समोर एवढा मोठा तळ तयार असताना ताटली कोण घेणार. मी वाफ्यावर एक चिमूट सोडली. अधिकारी म्हणाले, दिसत नाही, मोबाइलमध्ये येत नाही. मी मूठ भरायला पिशवी वाकवली. पुढे कोट्यवधी वर्षांचे निक्षेप एका दमात पडले.

वाफा भंडाऱ्यासारखा पिवळा. चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते बरं झालं. त्यांनी खुरपणं उचललं, वाफा ढवळायला घेतला आणि घोटत राहिले, म्हणजे माझे डोंगर, माझी मैदानं, माझी गर्ता सगळं एक झालं. मला त्या क्षणी गर्तेत जागा असती तर मी बसलो असतो. चाळीस वर्षांत या माणसाचं आधण फसलं नव्हतं आणि ते मी, एम. ए., बी. एड., फसवलं. शेवटी त्यांनी बोटावर थोडा गूळ घेतला, चाखला, डोळे मिटले, परत चाखला. म्हणाले, "बिगडला न्हाई. खोकल्याचा झाला." आणि बेचाळीस पोरांच्या हातावर गरम गूळ ठेवला, मग मुख्याध्यापकांच्या, मग अधिकाऱ्यांच्या, आणि सगळ्यात शेवटी माझ्या. नियम म्हणजे नियम.

इथं सगळं संपलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण अधिकाऱ्यांनी गूळ खात खात मला विचारलं, पाठ छान झाला, पण मला सांगा सर, हा एवढा खोल तळ मुळात बघितला कुणी? तोच प्रश्न. मी परत बेचाळीस तोंडांसमोर उभा, आणि माझ्या तोंडाला कोरड. तेव्हा अपेक्षा पुढं झाली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सरांच्या दाजींनी, सायेब. सुभेदार लालासाहेब. ते पानबुडीत व्हते." अधिकारी चाट पडले. म्हणाले, सुभेदार आणि नौदलात? मी म्हणालो, बदलीवर होते. देव मला क्षमा करो. अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की अठ्ठावीस तारखेच्या तालुक्याच्या विज्ञान मेळाव्याला प्रमुख पाहुणे तुम्हीच. छापील पत्रिका निघते आहे. तिच्यावर तुमच्या नावापुढे काय घालायचं ते मुख्याध्यापक रोज विचारतात.

तेव्हा दाजी, एवढी एक मेहरबानी करा. अठ्ठावीसला या आणि दहा मिनिटं बोला. फार काही नको. खाली अंधार होता, गार होतं, शिस्त होती, एवढं म्हटलं तरी खोटं ठरणार नाही, जैसलमेरला रात्री असंच असतं असं तुम्हीच सांगता. ऑक्टोपसचा विषय कुणी काढलाच तर नुसतं हसा. माझी अब्रू, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या पोरांचा माझ्यावरचा विश्वास, आता तुमच्या हातात आहे. सरांचं एक खोटं निघालं की त्यांना गर्ताही खोटी वाटेल, डोंगरही खोटा वाटेल. मला झोप नाही.

ताईला नमस्कार, पूजाला आशीर्वाद, म्हशीला चारा.

आपला धाकटा आणि सध्या जरा खचलेला,
वीरधवल

ता. क. (बुधवार) पत्र पाकिटात घातलं, तिकीट लावलं आणि दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. पेटीत टाकवेना. आज तिसऱ्या तासाला मी वर्गात दार लावून घेतलं आणि सांगून टाकलं. म्हणालो, माझे दाजी पाणबुडीत नव्हते, राजस्थानात होते, आणि मी स्वतः समुद्र पाहिलेला नाही. अपेक्षा म्हणाली, "आमाला ठावं हाय सर." तिचा आजा म्हणजे तुमच्या पलटणीतले जोतीराम नाईक. तुम्ही दर यात्रेला त्यांच्या ओसरीवर बसून वाळूच्या गोष्टी सांगता, त्या सगळ्या आळीला पाठ आहेत. पहिल्याच आठवड्यात अख्ख्या वर्गाला कळलं होतं. मी म्हणालो, मग दर शनिवारी विचारत का होता? तर म्हणाली, "गोष्ट लय भारी व्हती." आणि साहेबांसमोर का सांगितलंस? "तुमचं तोंड लय वाळलं व्हतं सर." दाजी, मी फळ्याकडे तोंड केलं आणि बराच वेळ फळा पुसत राहिलो, फळ्यावर काही नसताना. मग त्यांना खरं उत्तर दिलं. जहाजावरून खाली आवाज सोडतात, तो तळाला आपटून परत येतो, किती वेळानं आला ते मोजून खोली काढतात, विहिरीत हाक मारल्यासारखं. पोरं इतकी खूश झाली की मधल्या सुट्टीत सगळी शाळेच्या विहिरीवर ओरडायला गेली, त्यांना आणायला शिपाई धाडावा लागला. जाताना अपेक्षा म्हणाली, "हे आदी सांगितलं आसतं तर पानबुडी कशाला लागली आसती?" अधिकाऱ्यांनाही फोन करून कबूल केलं. ते हसले आणि म्हणाले, पाहुणे म्हणून मग त्या गुळवेचाचांना बोलवा. तेव्हा अठ्ठावीसला तुम्ही आला नाहीत तरी चालेल.

ता. क. दुसरा. ते आधण तुमच्या इथल्या, कडेगावच्या मळ्यातल्या उसाचं होतं, पूजाच्या लग्नातल्या पुरणपोळ्यांसाठी राखलेल्या. आणि ती हळद ताईनं सांगलीच्या बाजारातून खास पूजाच्या हळदीसाठी आणायला सांगितलेली. म्हणजे दोन्ही वस्तू तुमच्याच घरच्या, लग्नातच एकत्र यायच्या होत्या, मी मुहूर्ताच्या आधी आणल्या एवढंच. पुरण तसंही पिवळंच असतं. लग्न फाल्गुनात आहे, तोवर चाचा दुसरं आधण स्वतः लावून देतो म्हणालेत, अट एकच, त्या दिवशी मी शाळेत असायला पाहिजे. हा परिच्छेद ताईला वाचून दाखवण्याआधी तिची साखर तपासावी.

ता. क. तिसरा (शनिवार), आणि खरं म्हणजे हे पत्र यासाठीच आहे. वर्गानं मला खोटं बोलल्याबद्दल शिक्षा सुनावली आहे. सरांनी सगळ्यांना समुद्र दाखवायचा. पुढच्या महिन्यात एस. टी. ठरवतो आहे, कराडवरून कुंभार्ली घाट उतरून गुहागरला. पण घरची माणसं, विशेष करून मुलींची, पाठवायला तयार नाहीत. जोतीराम नाईकांनी सांगितलं, लालासाहेब आणि बनुवहिनी (म्हणजे आपली ताई) बरोबर असतील तरच अपेक्षा येईल, आणि ते बोलले की बाकीचे त्यांच्यामागे. म्हणजे तुम्ही नाही म्हणालात तर बेचाळीस पोरं भिंतीवरची गर्ता बघतच मोठी होणार. तेव्हा दोघेही या. गुडघ्याला वाळूत बरं वाटतं म्हणतात, तुम्हाला वाळूची सवय आहेच. तुम्ही पोरं मोजा, पण मलाही मोजा, मला पाण्याची भीती वाटते. वजीरचाचाही येणार आहेत. ते आधी नको म्हणत होते, एवढं पाणी बघून करायचं काय. मग काल त्यांनी मला विचारलं, "सर, येवड्या मोट्या काहिलीला ढवळतंय कोन?" मी खूप विचार केला आणि म्हणालो, चाचा, ठाऊक नाही. दाजी, हे शब्द मी शिक्षक झाल्यापासून कुणालाही बोललो नव्हतो. चाचांनी झारा खाली ठेवला आणि म्हणाले, "मंग येतो."